बर्डीचा मेन रोड सातवीच्या पोरांना कसा दाखवावा

नागपूरची सहल म्हटली की आमच्याकडच्या शाळांचा फेरा ठरलेला असतो. महाराजबागेतला वाघ, रामन विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी, संध्याकाळी फुटाळा, आणि गाडी परतीला. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडी थांबलीच तर ती मॅडम लोकांना अर्धा तास खरेदी करायची असते म्हणून. मी गेली आठ वर्षं उलटं करतो. भिवापूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची सातवी घेऊन जातो आणि दिवसभर एकच रस्ता पाहतो. लोहापूल, तिथून मेन रोडनं व्हरायटी चौक, मग झिरो माइल. पायी, हातात वही.

शिक्षण परिषदेत सोबतचे मास्तर हसतात. "तिथं पाहाचं काय आहे राजेहो? चड्ड्या-बनियान?" पण दोघातिघांनी यंदा खरंच विचारलं, की नेता कसे, दाखवता काय. त्यांच्यासाठी हे लिहून काढलं.

आधी गावातच हिंडा

बर्डीचा निम्मा इतिहास बर्डीत नाहीच, तो खेड्यापाड्यात पडून आहे, असं माझं मत झालं आहे. या रस्त्यावर राहणारी माणसं थोडी. येऊन गेलेली माणसं लाखानं. म्हणून सहलीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक पोराला घरातला किंवा मोहल्ल्यातला एक म्हातारा नाहीतर म्हातारी वाटून द्यायची आणि तीन प्रश्न विचारून यायला सांगायचं. पहिल्यांदा बर्डीला गेले तेव्हा कशानं गेले? जाताना काय नेलं, येताना काय आणलं? आणि जेवले कुठं, झोपले कुठं?

तिसरा प्रश्न पोरं गाळतात. गाळू देऊ नका. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर एका ओळीचं येतं, तिसऱ्याला माणूस सुरू होतो. "झोपलो? अरे दुकानाच्या ओट्यावर झोपलो. थंडीचे दिवस. शेतीच्या केसची तारीख होती, वकील म्हने उद्या या." एका ओळीत कोर्ट, वकील, ओटा आणि परतीची गाडी चुकणं, सगळं आलं.

सन मात्र विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला सन विचारला की तो एकतर गप्प होतो, नाहीतर मास्तरला बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देतो. खुंटी द्या. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या आधी की नंतर? म्हणजे १९५६. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? गोवारींच्या मोर्च्याच्या वेळी लग्न झालं होतं का? म्हणजे १९९४. छोटी लाइन चालू होती का? हिला मात्र खुंटी म्हणून फार अर्थ नाही, कारण इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती नॅरोगेज २०१९च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत चालूच होती. पण तिचं नाव काढलं की गोष्टी निघतात, म्हणून मी विचारतोच.

आणखी एक युक्ती. घरातली जुनी भांडी उलटी करून पाहायला लावा. लग्नातल्या गुंडावर, गंजावर नाव आणि तारीख कोरलेली असते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं घरचा पितळी गुंड शाळेत आणला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिच्या आजीचं नाव, पुढं ‘यांस भेट’, आणि १४-५-६८. आजीला लग्नाचं साल सांगता येत नव्हतं, गुंडानं सांगितलं. मग त्या धाग्यानं विचारत गेलो. भांडी इतवारीतली. बस्ता मात्र बर्डीवर फाडला होता, कारण नवरदेवाला टेरिलिनचा शर्ट पाहिजे होता. इतवारी ठोकची, बर्डी फॅशनची. साठ वर्षं होत आली तरी ही वाटणी बरीचशी तशीच आहे. पोरांना ती पुस्तकातून सांगून कळली नसती.

हे सगळं वहीत तीन रकाने पाडून लिहायचं. ‘दिसलं’, ‘सांगतात’, ‘लिहिलेलं आहे’. हे रकाने मी एका फजितीनंतर सुरू केले. पहिल्या दोन वर्षी मी पोरांना छातीठोकपणे सांगायचो की सीतामाईच्या नावावरून सीताबर्डी. एकदा टेकडीच्या पायथ्याशी एक आजोबा थांबून ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, पोट्ट्यायले काहीबाही नका सांगू. शीतलाप्रसाद अन् बद्रीप्रसाद नावाचे दोघं गवळी भाऊ होते, त्यायच्यावरून शीतलाबद्री, अन् मंग सीताबर्डी." आता ही गोष्टसुद्धा सांगोवांगीचीच. पण माझी तर तीही नव्हती, माझ्याच मनाची होती. तेव्हापासून दोन्ही दुसऱ्या रकान्यात.

तिसऱ्या रकान्यासाठी फार धावपळ नको. ब्रिटिशांनी १९०८ साली काढलेलं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजीत आहे, पण शहराचा भाग एका बैठकीत वाचून होतो. शाळेचा प्रोजेक्टर चालू असेल तर पानच भिंतीवर दाखवा.

वार, गाडी, पाणी

रविवार टाळा. रविवारी मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, पोरं दिसेनाशी होतात. शेवटी अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, जोडायचा असेल तर सोमवारही नको. मी गुरुवार धरतो. सकाळची पहिली एसटी उमरेडमार्गे गणेशपेठला पोहोचते तेव्हा दुकानांची शटरं वर जात असतात, आणि हीच वेळ खरी. गिऱ्हाईक नसलं की दुकानदार बोलतो.

तीस पोरांना तीन मोठी माणसं लागतात, त्यात एक बाई. पालकांची संमती, मुख्याध्यापकांची सही, केंद्रप्रमुखांना पत्र, हे नेहमीचं. न सुचणारी गोष्ट म्हणजे मुलींच्या संडासाची सोय. पहिल्या वर्षी एका सार्वजनिक ठिकाणी मोठं कुलूप होतं, चावीवाला जेवायला गेलेला, आणि आमच्या मॅडम अकरा मुली घेऊन पाऊण तास फिरत होत्या. आता मी आठवडाभर आधी जाऊन पाहून येतो आणि दोन ठिकाणं ठरवतो. पाण्याची बाटली, पायात चपला नको, बूट, आणि मोठ्या पोरांच्या खिशात खर्रा (तंबाखू-सुपारीचा) नाही ना, हे गाडीत बसण्याआधीच पाहायचं. सातवीतसुद्धा पाहावं लागतं, काय सांगावं.

लोहापूल: इथं पहिला थांबा

गणेशपेठहून कॉटन मार्केटकडून चालत आलं की रेल्वेखालचा लोहापूल लागतो. बहुतेक लोक नाक दाबून पलीकडं जातात. तुम्ही पोरांना अलीकडंच थांबवा आणि एखादी गाडी डोक्यावरून जाईपर्यंत थांबा. फार वेळ लागत नाही.

इथं दोन गोष्टी दाखवायच्या. पहिली, कॉटन मार्केट. नाव कापसाचं आणि विकायला वांगी-टमाटर. पोरांना विचारा, काहून? एखादा तरी सांगतोच, "सर, आधी कापूस येत असन." बरोबर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला भाव चढला. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपुरात पोहोचली. पुढं दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ला, जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. ती २००२ साली कायमची बंद पडली. दरवर्षी माझ्या पोरांपैकी दोघातिघांचे पणजोबा तिथं कामाला असलेले निघतात. त्या पोरांना इथं बोलू द्या, तुम्ही गप्प राहा.

दुसरी गोष्ट म्हणजे रुळांची रेघ. पुलाच्या पूर्वेला महाल, इतवारी, गोंड राजा बख्त बुलंदनं वसवलेलं आणि भोसल्यांनी वाढवलेलं जुनं शहर. पश्चिमेला टेकडी आणि तिच्या पलीकडं साहेबांची सिव्हिल लाइन्स. बर्डी या दोघांच्या मधोमध बसली आहे. राजाच्या शहरातून साहेबाच्या ऑफिसात जाणारा, रेल्वेतून उतरून कोर्टात जाणारा, जो तो बर्डीवरून जाणार. बाजार वाढायला आणखी काय लागतं? वहीत एक रेघ ओढा, अलीकडं ‘महाल’ लिहा, पलीकडं ‘सिव्हिल लाइन्स’, आणि रेघेला लागून एक ठिपका, बर्डी. एवढा नकाशा पुरे.

मेन रोडवर मान वर करा

आता पूल ओलांडून मेन रोड. इथं एकच नियम, पाटीच्या वर पाहायचं. खालचा मजला सगळीकडं सारखा झाला आहे. काच, एलईडी, फ्लेक्स, पुतळ्यांच्या अंगात जीन्स. पण फ्लेक्सच्या वर नजर नेली की कुठं लोखंडी नक्षीचा कठडा दिसतो, कुठं लाकडी खांबाचा सज्जा, कुठं चुन्याची वेलबुट्टी, कबुतरांनी पांढरी केलेली. एखाद्या इमारतीच्या कपाळावर सन असतो. तो दिसला की पोरं ओरडतात, ओरडू द्या. प्रत्येक गटाला दहा इमारती वाटून द्या. मजले किती, सज्जा कशाचा, सन आहे का, वर कोणी राहतं का. वाळत घातलेले कपडे दिसले की राहतं. कपडे पाहून घर ओळखायची कल्पना माझी नाही, एका पोराची आहे.

मग मान खाली. उंबरठा पाहा. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो, जुनी इमारत आहे तिथंच राहते. म्हणून ज्या दुकानात पायरी उतरून जावं लागतं ते बहुधा जुनं, आणि जिथं दोन पायऱ्या चढून जावं लागतं ते बहुधा नव्यानं बांधलेलं. नेहमीच खरं ठरतं असं नाही, पण पोरांच्या हातात मोजायला काहीतरी येतं. आम्ही वितीनं मोजतो. एका कापडाच्या दुकानाचा दगडी ओटा रस्त्याच्या वर जेमतेम चार बोटं उरला होता. कडा पायांनी घासून गोल झालेल्या, एका कोपऱ्यात लोखंडी कडी, गंजलेली, अर्धी डांबरात बुडालेली. कडी कशाची असेल यावर पोरांची दहा मिनिटं भांडणं झाली. बैल बांधायची, सायकलीची, सावलीच्या ताडपत्रीची दोरी बांधायची. आतून म्हातारे शेठ बाहेर आले, त्यांनी कडीकडं पाहिलं, म्हणाले, "तीस वर्षं झाली इथं बसतो, मी पाहिलीच नव्हती." त्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं.

सगळेच असे नसतात. दुसऱ्या एका दुकानदारानं आम्हाला पायरीवरून उठवलं होतं. "घ्यायचं आहे का काही? नाही? मग हटा." पोरं हिरमुसली. तेव्हापासून माझी पद्धत अशी की गटातलं एकच पोरगं पुढं जातं, नमस्कार करतं, शाळेचं आणि गावाचं नाव सांगतं आणि एकच प्रश्न विचारतं, "हे दुकान तुमच्या आधी कोण चालवत होतं?" दुकान किती जुनं, असं विचारलं की जाहिरात ऐकायला मिळते. आधी कोण, असं विचारलं की वडील, आजा, फाळणीनंतर सिंधमधून आलेलं कुटुंब, भागीदारी, भांडण, सगळं निघतं.

मेन रोडला लागून मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्या आहेत. पोरं खूश होतात, कारण त्यांना एकच मोदी माहीत. मोदी म्हणजे शिधा-किराणा पुरवणारा, हा मराठीतला जुना शब्द आहे एवढं सांगा, आणि शब्दकोश घरचा अभ्यास म्हणून ठेवा.

टेकडी

मेन रोडवरून फिरताना इमारतींच्या फटीतून टेकडी दिसत राहते. १८१७च्या लढाईसाठी भाषण ठोकू नका. टेकडी दिसेल अशा ठिकाणी उभे राहा आणि विचारा, तुमच्याकडं चौदाशे माणसं आहेत, समोरच्याकडं त्याच्या कितीतरी पट. तुम्ही वर उभे राहाल की खाली?

मग सांगा. दोन टेकड्या, एक मोठी, एक छोटी. पायथ्याशी इंग्रजांची रेसिडेन्सी, रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. आप्पासाहेब भोसल्यांची फौज शहराच्या बाजूनं, तिच्यात अरब शिपाई, लढायला सगळ्यात खमके. २६ नोव्हेंबरला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सकाळी छोट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली. तिथून मोठी टेकडी हाकेच्या अंतरावर. इंग्रजांचं सगळं संपत आलं होतं. मग फिट्झगेराल्ड नावाच्या कॅप्टननं घोडदळ घेऊन खालच्या मैदानात मुसंडी मारली आणि पारडं फिरलं. छोटी टेकडी इंग्रजांनी परत घेतली. पुढं टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली औरस वारस न ठेवता वारले आणि १८५४ला डलहौसीनं राज्यच खालसा केलं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात. आपल्याला त्या दिवशी शाळेत झेंडावंदन असतं, म्हणून पोरं घेऊन जाणं जमत नाही. मी एकदा झेंडा आटोपून एकट्यानंच मोटारसायकल हाणली आणि दुपारी रांगेत लागलो. पुढच्या वर्षी पोरांना खालून टेकडी दाखवताना वरचं सांगता येतं, तेवढा उपयोग.

व्हरायटी चौक आणि एक हरवलेलं पोरगं

चौकाला नाव सिनेमाच्या टॉकीजचं आणि मधोमध गांधीजी. हे पोरांना दाखवण्यासारखं आहे. पाटीवर काहीही लिहा, लोकांच्या तोंडी बसतं ते बसतं. आपल्या गावातही ‘दवाखान्याचा चौक’ म्हणतात तिथून दवाखाना कधीच उठून गेला.

तिसऱ्या वर्षी आमचं एक पोरगं इथं हरवलं. फुग्यावाल्याच्या मागं गेलं. चाळीस मिनिटं माझा जीव टांगणीला लागला. सापडलं तेव्हा ते पुतळ्याजवळच उभं होतं, शांत. म्हणालं, "सर, मले वाटलं तुमी सारे हरपले. म्या इचार केला, गांधीजी तं कुठं जानार नाहीत." तेव्हापासून सूचना पक्की आहे, हरवलात तर गांधीजींजवळ. पोलिसांचा आणि माझा नंबर प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतोच.

इथं बसून डबे सोडायचे नाहीत, रहदारी फार. पण एक गोष्ट इथंच वाचून दाखवायची. १९५६च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्या वेळी ते उतरले होते ते श्याम हॉटेल याच बर्डीतलं. आमच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या एका आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांची नात माझ्या वर्गात होती, तिनं आजीचं बोलणं जसंच्या तसं लिहून आणलं होतं. "गाडीत जागा नोती. उमरेडपासून पायी. बाप खांद्यावर घे, मंग उतरवे. मायनं पांढरं लुगडं पायजे म्हनून चांदीचा गोट इकला. बर्डीवर पांढरं कापडच उरलं नोतं. मंग मायनं जुनंच लुगडं धुवून नेसलं." पांढरं कापड संपलं होतं असं आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या बाया सांगतात. दुसरा रकाना. पण त्या पोरीनं ते व्हरायटी चौकात उभं राहून वाचलं तेव्हा समोर तीन दुकानांत पांढऱ्या साड्या टांगलेल्या होत्या, आणि सगळी पोरं तिकडंच पाहत होती.

झिरो माइल

उड्डाणपुलाच्या बाजूनं झिरो माइलकडं चला. ऊन असेल तर टोप्या. वाटेत तर्री-पोहे खाऊ घाला, तर्री वेगळी मागा, लहान पोरांना झेपत नाही.

झिरो माइल म्हणजे चार घोडे असं पोरांच्या डोक्यात असतं. घोडे नंतरचे. खरी चीज तिथला दगडी खांब आहे, १९०७चा, इंग्रजांच्या मोठ्या भूमापनाच्या कामातला. बाजूच्या षटकोनी दगडावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. इथं गणिताचा तास होतो. मैलाला १.६नं गुणा आणि मोबाइलवरच्या अंतराशी ताडून पाहा. जबलपूरला २७२ किलोमीटर येतात, आजचा रस्ताही जवळपास तेवढाच भरतो. मग विचारा, मिरचीसाठी नावाजलेलं आपलं भिवापूर काहून नाही कोरलं? पोरांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "कारण साहेबाले मिरची चालत नोती" हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं.

‘हा भारताचा मध्यबिंदू’ असं सांगण्याचा मोह होतो. गाइडही तेच सांगतात. १९०७ सालचा हिंदुस्थान आणि आजचा भारत यांचे नकाशे शेजारी ठेवा आणि मध्य कुठं येतो ते पट्टीनं पोरांनाच शोधू द्या. मग ठरवा कोणत्या रकान्यात लिहायचं.

समोरच्या कस्तुरचंद पार्कात २०१९च्या जानेवारीत चालण्याच्या पट्ट्यासाठी खोदताना जमिनीतून तोफा निघाल्या. इतकी वर्षं त्यांच्यावर सभा, सर्कशी, प्रदर्शनं झाली. हे सांगितलं की पोरं पायाखाली पाहत चालतात.

इथं आवाज खाली

झिरो माइलच्या जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि इथं प्रश्नोत्तरं घेत नाही.

आधी मोर्च्याचा रस्ता दाखवायचा. नागपूर १९५६ साली राजधानी राहिलं नाही. त्याआधी १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे अधिवेशन नागपुरात भरवायचं ठरलं होतं, आणि दर हिवाळ्यात मुंबईचं सरकार इथं येतं. त्याच्या मागोमाग अंगणवाडीच्या बाया, शेतकरी, कोतवाल, विनाअनुदानित मास्तर, सगळे यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडवर अडवले जातात. मीही एकदा अडवला गेलो आहे, शिक्षण सेवक होतो तेव्हा. विधान भवन समोर दिसतं, आणि आपण दोरीच्या अलीकडं. १९२३ साली झेंडा सत्याग्रहातही असंच होतं. तिरंगा घेऊन शहरातून सिव्हिल लाइन्सकडं निघालेल्यांना अडवायचे, पकडायचे, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. देशभरातून माणसं आली. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई आले, आणि ऑगस्टमध्ये शेवटी झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला.

२३ नोव्हेंबर १९९४ला गोवारी समाजाचा मोर्चा आला. गुरं राखणारा समाज, अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी. गर्दी अडवलेली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बायका आणि लेकरं जास्त. आता वरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे.

आमच्या गावचे एक गायकी (गुराखी), दिवाळीत ढाल घेऊन नाचणारे, त्या मोर्च्यात होते. पहिली तीन वर्षं मी पोरांना त्यांच्याकडं पाठवलं, ते बोलले नाहीत. चौथ्या वर्षी एका पोरीला म्हणाले, "लिव. मी अन् माहा भाऊ दोघं गेल्तो. पायात चपला होत्या. मी आलो, एका पायात चपला नोती." एवढंच. ती पोरगी ते स्मारकासमोर वाचत नाही, मनात वाचते आणि वही मिटते. मीही वाचायला सांगत नाही.

यानंतर लगेच अजब बंगल्यात नेऊ नका. पंधरा मिनिटं झाडाखाली बसू द्या, चिवडा खाऊ द्या. मग वेळ असेल तर जा, नसेल तर नाही गेलं तरी चालतं. १८६३पासूनचं संग्रहालय आहे, पुढच्या वर्षीही राहील.

परत आल्यावर

परतीच्या गाडीत वह्या गोळा करायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्म्या येत नाहीत. आठवडाभरात प्रत्येक पोरानं आपल्या म्हाताऱ्याकडं किंवा म्हातारीकडं परत जायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. ही पायरी मी आधी करत नव्हतो. आता हीच सगळ्यात कामाची वाटते, कारण ऐकताना माणसं चुका काढतात आणि चुका काढता काढता नवं सांगतात.

गेल्या वर्षी एका पोरानं सातऱ्यावर (मिरचीचे मुक्के, म्हणजे देठ, तोडायच्या जागी) बसलेल्या आपल्या आजीला वाचून दाखवलं, लोहापूल, मेन रोड, व्हरायटी चौक, ओट्याची कडी. आजीचे हात मुक्के तोडतच होते. म्हणाली, "कडी? कोन्या कोपऱ्यात?" त्यानं सांगितलं. "लोहापुलाकडून येताना डाव्या अंगाले का? खाली एक दगड फुटका?" पोरगं माझ्याकडं धावत आलं. वही काढून पाहिली तर कोपरा लिहिला होता, दगडाचं लिहिलं नव्हतं. यंदा गुरुवारी जाऊ तेव्हा आधी तो दगड पाहायचा आहे.